लोकशाहीच्या सात अटी : एका व्याख्यानाचे परीक्षण

काही थोर पुरुषांच्या वाङ्मयाचे दुर्दैव असे असते की, त्यांच्याविषयीचा आदर जसजसा वाढत जातो, तसतसे ते वाचणारे कमी होत जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वाङ्मयावर हा प्रसंग थोडाबहुत आलाच आहे. घटना समितीत त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ या दिवशी जी दोन भाषणे केली, त्यांतील चार वाक्ये पुष्कळांच्या तोंडी असतात. परंतु त्यानंतर तीन वर्षांनी, २२ डिसेंबर १९५२ रोजी, पुणे येथे डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या सभासदांपुढे त्यांनी जे इंग्रजी व्याख्यान दिले, त्याचा उल्लेखही क्वचितच कानी पडतो. लोकशाही यशस्वीपणे चालावयाची तर कोणत्या गोष्टी आधी असाव्या लागतात, हा त्या व्याख्यानाचा विषय आहे. लोकशाहीच्या मूलतत्त्वांचा विचार ज्यास करावयाचा आहे, त्याने मोठमोठ्या ग्रंथांकडे वळण्यापूर्वी हे छोटेखानी व्याख्यान एकदा मन लावून वाचावे, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच त्याचे थोडे सविस्तर परीक्षण करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

व्याख्यानाचा काळ ध्यानात घेतला म्हणजे त्याचे महत्त्व अधिक कळते. प्रौढ मतदानाच्या पायावर झालेली देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती. सतरा कोटींहून अधिक मतदार याद्यांत नोंदले गेले होते, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर असल्यामुळे प्रत्येक पक्षास चिन्ह द्यावे लागले होते. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा एकट्या काँग्रेस पक्षास मिळाल्या होत्या. स्वतः आंबेडकर हिंदू संहितेच्या प्रश्नावरून १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडून बाहेर पडले होते, आणि मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत पराभूत झाले होते. ज्याने राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला त्यासच त्या घटनेखालील पहिल्या निवडणुकीत मतदारांनी घरी बसवावे, आणि त्याच वर्षी त्याने लोकशाहीवर व्याख्यान द्यावे, हा योग सामान्य नव्हे. दुसरा एखादा असता तर त्याच्या शब्दांत कडवटपणा उतरला असता. या व्याख्यानात तो नाही. पराभूत उमेदवाराचे गाऱ्हाणे कोठेही ऐकू येत नाही. ऐकू येते ती एखाद्या कसलेल्या वैद्याची रोगपरीक्षा.

आरंभी लोकशाहीची व्याख्या येते. ज्या राज्यपद्धतीने लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात रक्तपात न होता क्रांतिकारक बदल घडवून आणता येतात ती लोकशाही, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या वरवर साधी दिसते. परंतु विचार करता तिच्यात मोठा विचारभेद भरलेला आढळतो. लोकशाही म्हणजे लोकांनी निवडलेले सरकार, असे आपण सामान्यतः समजतो. म्हणजे सत्ता कोणाच्या हाती जाते यावर आपली दृष्टी असते. आंबेडकर ही दृष्टी सत्तेच्या उगमावरून तिच्या कार्याकडे वळवितात. निवडणुका वेळेवर झाल्या, मते मोजली गेली, मंत्रिमंडळ बनले, ठीक. पुढे काय? ज्यांचे जीवन बदलावयास हवे होते, त्यांचे बदलले काय? आणि ते कोणाचा गळा न कापता बदलले काय? या दोन्ही प्रश्नांस होकार आला तरच त्यांच्या लेखी ती पद्धत लोकशाही या नावास पात्र ठरते. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात त्यांनी लोकशाहीस एकत्र जगण्याची रीत मानले होते, आणि शेजाऱ्याविषयीचा आदर हे तिचे मर्म सांगितले होते. सोळा वर्षांनंतरची ही व्याख्या त्याच विचाराची व्यावहारिक बाजू होय.

यानंतर सात अटी येतात. समाजात डोळ्यांत भरणारी विषमता असू नये, आणि एका बाजूस सर्व हक्क व दुसऱ्या बाजूस सर्व भार अशी विभागणी नसावी, ही पहिली. विरोधी पक्ष असावा, ही दुसरी. कायद्यापुढे व राज्यकारभारात सर्वांस समान वागणूक मिळावी, ही तिसरी. घटनात्मक नीतीचे पालन व्हावे, ही चौथी. बहुमताने लोकशाहीच्या नावाखाली अल्पमतावर जुलूम करू नये, ही पाचवी. समाजात नैतिक व्यवस्था जिवंत असावी, ही सहावी. आणि लोकांची सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी जागी असावी, ही सातवी.

या सात अटी एका जातीच्या नाहीत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. विरोधी पक्षाची सोय कायद्याने पुष्कळशी करता येते. इंग्लंडात १९३७ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्यास सरकारी तिजोरीतून वेतन मिळू लागले. आपल्याकडे १९६९ पर्यंत लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता, आणि त्याच्या वेतनाचा कायदा १९७७ साली झाला. उशिरा का होईना, पण ही गोष्ट कायद्याच्या आटोक्यातील होती. कारभारातील समानतेचेही तसेच. सत्ताधारी पक्षाच्या माणसाने गुन्हा केला असता पक्षातील वजनदार मंडळींनी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास तो खटला थांबविण्यास सांगावे, हा अनर्थ आंबेडकरांस त्या पहिल्या वर्षातच दिसू लागला होता. यावर नोकरशाहीस संरक्षण देणारे नियम व न्यायालये हे काही अंशी तरी उपाय आहेत.

घटनात्मक नीतीपाशी मात्र कायद्याची धाव संपू लागते. ही कल्पना आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्यापासून घेतली आणि १९४८ च्या भाषणात प्रथम विस्ताराने मांडली. घटनेतील कलमे म्हणजे हाडांचा सापळा. त्यावरील मांस म्हणजे ती राबविणाऱ्यांनी आपण होऊन पाळलेले संकेत. पुण्याच्या व्याख्यानात त्यांनी यासाठी वॉशिंग्टनचे उदाहरण घेतले आहे. ज्यास अमेरिकन जनता देवाप्रमाणे मानीत होती, तो दोन कारकीर्दी संपताच १७९७ मध्ये अध्यक्षपद सोडून घरी गेला. तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्यास तेव्हा कायद्याची कोणतीच आडकाठी नव्हती. तरीही पुढे जवळजवळ दीडशे वर्षे, म्हणजे १९४० पर्यंत, तिसऱ्यांदा कोणीही त्या पदावर निवडून आला नाही. आणि तो संकेत मोडल्यानंतरच, १९५१ साली, त्याचे रूपांतर घटनेच्या दुरुस्तीत करावे लागले. जी गोष्ट एका माणसाच्या सद्वर्तनाने दीडशे वर्षे चालली, तिच्यासाठी अखेर कलम लिहावे लागावे, यावरून कलम व नीती यांतील अंतर नीट कळते.

सहावी व सातवी अट तर कायद्याच्या हद्दीबाहेरचीच आहे. आणि आमच्या मते सबंध व्याख्यानाचा प्राण याच दोन अटींत, विशेषतः शेवटच्या अटीत आहे. सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी म्हणजे अन्याय कोणावर झाला हे न पाहता कोणत्याही अन्यायाने अस्वस्थ होणारी बुद्धी. ज्याच्यावर अन्याय होतो तो ओरडतोच. त्यात विशेष काही नाही. ज्याच्यावर झालेला नाही, किंबहुना ज्यास त्या अन्यायाचा फायदाच मिळतो आहे, तो उठून पीडिताच्या बाजूस येतो काय, ही खरी कसोटी. व्याख्यात्यांनी येथे दक्षिण आफ्रिकेचा दाखला दिला आहे : तेथील हिंदी लोकांच्या लढ्यात काही गोरे तरुण-तरुणीही सामील होत होते, याचे त्यांस फार अप्रूप वाटले.

येथे आम्हांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. या अटीचा दाखला शोधण्यास व्याख्यात्यांस समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. तो त्यांच्या स्वतःच्या चरित्रात, पुण्यापासून फार दूर नसलेल्या महाड गावी, पंचवीस वर्षांपूर्वीच घडलेला होता. तो प्रसंग क्रमाने पाहिला तर सातही अटींवर जो प्रकाश पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने पडणार नाही.

१९२३ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कायदे मंडळ निवडून आलेल्या सभासदांचे, नगरपालिका निवडून आलेल्या सभासदांची, ठराव रीतसर बहुमताने झालेले. लोकशाहीच्या नियमपुस्तकात याहून अधिक काय मागावयाचे असते? परंतु तीन वर्षे त्या तळ्याच्या पाण्यास एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेस जमलेले हजारो लोक आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींस झोडपण्यात आले. तळ्याची शुद्धी करण्यात आली. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने, तसेच रीतसर बहुमताने, आपला पूर्वीचा ठराव रद्द केला.

ज्या बहुमताने तळे खुले झाले त्याच बहुमताने ते पुन्हा बंद झाले. तेव्हा बहुमत हे निर्णय करण्याचे साधन आहे, न्यायाचे माप नव्हे, हे लोकशाहीचे पहिले तत्त्व महाडच्या दोन ठरावांइतके स्वच्छ कोणत्याही ग्रंथात लिहिलेले आम्हांस आढळले नाही. पाण्यावरील हक्क हा मतास टाकण्याचा विषयच नव्हता. पाचव्या अटीत आंबेडकर बहुमताच्या जुलमाविषयी बोलतात तेव्हा त्यांच्यापुढे संसदेतील पक्ष असतील. परंतु बोलणाऱ्याने तो जुलूम प्रथम तळ्याच्या काठी पाहिला होता, हे वाचकाने विसरू नये.

पुढचा भाग याहूनही बोधप्रद आहे. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले. तेवढ्यात विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. मंडळी हुकूम मोडावयास तयार होती. आंबेडकरांनी त्यांस आवरले. तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्यास हात न लावता, ते सर्वजण परतले, आणि लढा न्यायालयात गेला. तो दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला. १९४९ च्या भाषणात सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहाचाही त्याग करावा असे आंबेडकरांनी सांगितले, तेव्हा स्वतः सत्याग्रह करून मोठा झालेला पुढारी आता इतरांस उपदेश करतो, असा आक्षेप काहींनी घ्यावा हे साहजिक आहे. तो आक्षेप टिकत नाही. संताप अनावर होण्यास पुरेसे कारण असताना, आणि हजारो माणसे पाठीशी असताना, एका दुय्यम न्यायाधीशाच्या कागदापुढे ज्याने माघार घेतली, त्याने घटनात्मक नीतीचा धडा दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी स्वतः गिरविला होता.

आणि सातवी अट? तिचेही साक्षीदार महाडातच होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, परिषदेच्या उभारणीत राबलेले अनंतराव चित्रे, मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, हे तिघेही अस्पृश्य नव्हते. त्यांस त्या तळ्यावर जावयास कोणी अडविले नसते. जातीचा रोष, नातलगांचा अबोला, गावातील मानहानी यांवाचून त्यांस त्या लढ्यात मिळण्यासारखे काहीच नव्हते. संख्येने ते मूठभर होते हे खरे. परंतु सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी जेव्हा प्रथम प्रकट होते तेव्हा ती नेहमी मूठभरांतच असते. अशीच ती १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दिसली. आणीबाणी चालू असता, सत्ताधारी व्यासपीठासमोर बसले असता, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे आवाज उठविला, आणि पुढे त्यांस त्याबद्दल कारावास सोसावा लागला.

येथवर आम्ही व्याख्यानाच्या गुणांविषयी लिहिले. आता त्यातील जी उणीव आम्हांस जाणवते तीही सांगणे प्राप्त आहे. आंबेडकर या सात गोष्टींस पूर्वअटी म्हणतात. त्या आधी असाव्यात, मग लोकशाही चालेल, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. परंतु हा क्रम अक्षरशः घेतला तर लोकशाहीचा आरंभ कधीच व्हावयाचा नाही. विषमता नाहीशी होईपर्यंत थांबा, नैतिक व्यवस्था रुजेपर्यंत थांबा, असे म्हणत प्रत्येक सत्ताधारी वर्गास लोकांचे हक्क लांबणीवर टाकता येतील; आणि मतदानास शिक्षण व मालमत्ता यांची अट घालणारे परकी राज्यकर्ते नेमके हेच म्हणत होते. आंबेडकरांस हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनीच प्रौढ मतदानाची मागणी केली होती, आणि निरक्षरता ही त्यांनी आड येऊ दिली नव्हती. तेव्हा या अटी लोकशाहीच्या जन्माच्या नसून तिच्या आयुष्याच्या आहेत, असे समजूनच हे व्याख्यान वाचले पाहिजे. पोहावयास शिकल्यावाचून पाण्यात उतरू नये, हे म्हणणे जितके शहाणपणाचे दिसते तितके ते असत नाही.

हीच गोष्ट खेड्यांच्या प्रश्नात अधिक स्पष्ट होते. १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी खेड्यांवर जी कठोर टीका केली ती प्रसिद्ध आहे. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर म्हणून त्यांनी खेड्याकडे पाहिले, आणि राज्यघटनेने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यावर घटना समितीत पुष्कळांनी नाराजी दाखविली, अखेर के. संथानम् यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आले, व आंबेडकरांनी ते स्वीकारले. या वादात दोन्ही पक्षांच्या हाती अर्धे सत्य होते असे आम्हांस वाटते. ग्रामस्वराज्याच्या भक्तांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे डोळेझाक केली. आणि आंबेडकरांनी, ज्या गावात कोट्यवधी माणसांचे आयुष्य जावयाचे होते, त्यास सुधारणेच्या बाहेर ठेवले. चाळीसहून अधिक वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या वादातील मधला मार्ग दाखविला : गावास सत्ता दिली, परंतु ती देताना अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या; सरपंचपदेही त्यातून सुटली नाहीत. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. म्हणजे गावास घटनेबाहेर ठेवावयाचे नव्हते. घटनेस गावात न्यावयाचे होते.

याचा परिणाम काय झाला? जिच्या आजीस चावडीची पायरी चढण्याची छाती नव्हती ती बाई आज सरपंचाच्या खुर्चीवर बसते, हा बदल लहान नाही. आणि तो रक्तपात न होता घडला आहे, म्हणजे आंबेडकरांच्या व्याख्येस तो पुरेपूर उतरतो. परंतु खुर्चीवर ती आणि कारभार तिच्या यजमानाचा, हा प्रकारही सर्वांच्या परिचयाचा आहे. जागा कायदा देतो. त्या जागेवर बसलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची बुद्धी कायद्यास देता येत नाही. तीच गोष्ट जातपंचायतींची. सर्वांनी मिळून, एकमताने, एखाद्या कुटुंबास वाळीत टाकावे, यात मतांची वाण नसते; वाण असते ती सातव्या अटीची. म्हणूनच सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याने पीडितास दाद मागण्याचे दार उघडले हे योग्यच झाले. पण बहिष्कृताच्या घरी चहा घेण्यास कोणी गेला तर तो कायद्याच्या सक्तीने जात नाही.

भाषेच्या दृष्टीने पाहता हे व्याख्यान साधे, किंबहुना कोरडे आहे. वकिलांपुढे वकिलाने बोलावे तसे एकेक मुद्दा मांडून, दाखला देऊन, पुढे जाणारे. घटना समितीतील अखेरच्या भाषणातील गांभीर्य व आवेश येथे नाही. आणि मुद्द्यांची संख्या सात झाल्यामुळे काही मुद्दे धावते घेतले गेले आहेत. विशेषतः सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी निर्माण कशी करावी, याचे उत्तर शोधू जाता वाचकाची निराशा होते. व्याख्याते तिची गरज सांगून थांबतात. हा दोष म्हणावा, की विषयाचीच मर्यादा म्हणावी, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो; परंतु याच व्याख्यात्याच्या आयुष्यात त्याचे उत्तर सापडते, असे आमचे मत आहे. ती बुद्धी उपदेशाने येत नाही. टिपणीस, चित्रे आणि सहस्रबुद्धे यांच्यासारख्या माणसांच्या कृतीने ती प्रथम दिसते, मग तिची लाज इतरांस वाटू लागते, आणि पुढच्या पिढीस ती स्वाभाविक वाटते.

तसे पाहता सुशिक्षित कुटुंबांचा या अटीशी संबंध सर्वांत निकटचा आहे. पहिल्या सहा अटींसाठी आपण सरकारास, पक्षांस, न्यायालयांस जबाबदार धरू शकतो, आणि धरतोही. वर्तमानपत्र हाती घेऊन तसे करणे हा आपला रोजचा विरंगुळाच आहे. सातवी अट मात्र आपल्याच दारी येऊन उभी राहते. गृहसंस्थेच्या सभेत कोणास घर भाड्याने द्यावयाचे नाही याचा ठराव येतो तेव्हा, शाळेच्या पालकसभेत गरिबांच्या मुलांविषयी कुजबुज होते तेव्हा, घरातील मुलीच्या विवाहाचा निर्णय तिच्यावाचून होतो तेव्हा, त्या खोलीत हात वर करून विरोध नोंदविणारा एक तरी माणूस आहे काय? ज्याचा स्वतःचा काही तोटा होत नसता जो बोलेल, असा एक? तो असेल तर लोकशाही त्या खोलीपुरती तरी शाबूत आहे. नसेल, तर सभेचे इतिवृत्त कितीही रीतसर लिहिलेले असो, महाडच्या त्या दुसऱ्या ठरावाहून त्याची योग्यता अधिक नाही.